बुडालेल्या गावाची सून

धरणात गाव बुडालं तेव्हा आई तिथली नवी सून होती. माझा जन्म नंतरचा, पुनर्वसनाच्या वसाहतीतला: सरळ ओळी, सारखे प्लॉट, दारावर नंबर. आता घरात आम्ही दोघीच. आईच्या गोळ्या, दळण, लाईटबिल, सगळं माझ्या वहीत लिहिलेलं असतं. तरीही जे दिसायला हवं होतं ते मला दोन वर्षं दिसलं नाही.

त्याला आमची रीतही कारणीभूत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचा चौथरा उघडा पडतो. म्हातारी माणसं टेम्पो करून तिथे नैवेद्य घेऊन जातात, आणि एरवीही गाव अजून उभं असल्यासारखीच बोलतात. म्हणून भर श्रावणात, धरण काठोकाठ भरलेलं असताना, आई नवं लुगडं नेसून "गावाकडं जाऊन येते" म्हणाली, तेव्हा मी "आता नाही, उन्हाळ्यात" एवढंच म्हटलं. शेजारच्या काकू हसल्या. "आमचं म्हातारंबी रोज गुरं सोडाया निघतंय. गाव सुटल्यालं मानूस हाय, चालायचंच."

एके दिवशी आई पार हमरस्त्यावर सापडली. तेव्हा तिला नगरला दवाखान्यात नेलं.

"आजी, घर कुठं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"नदीच्या अंगाला. मागलं दार उघडलं की घाट."

"बरोबर आहे," मी घाईने म्हणाले. "तसंच होतं."

"होतं ना, ताई? आणि उत्तरं त्यांना देऊ द्या. आजी, मुलं किती?"

आईने पदर तोंडाला लावला. चक्क लाजली. "अवं, यंदाच तर लगीन झालंय."

उत्तर लिहायला उघडलेलं पेन मी तसंच बंद केलं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "वसाहतीत असे आणखी असतील. बघा जरा." ते काम मला जमण्यासारखं होतं. परत आल्यावर काकूंना आईजवळ बसवलं आणि वही घेऊन आधी त्यांच्याच घरी गेले. काका ओट्यावर होते. घर कुठं, विचारल्यावर म्हणाले, "देवळामागं."

"बरोबर सांगत्यात," आतून सून म्हणाली.

मुलं किती, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पुढच्या दारांतही तेच. म्हातारी माणसं बुडालेल्या घराचा पत्ता सांगत होती, आणि घरचे माना डोलवत होते. अर्ध्या ओळीतून मी माघारी फिरले.

काकू उठून गेल्यावर आईने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"कोन हवंय, बाई?"

"कुणी नाही. दमले. जरा टेकू का?"

"टेका की. मान्सं रानात गेल्याती. च्या टाकते."

"बसा तुम्ही, मी टाकते," म्हणत मी आत गेले. आईला अहोजाहो केलं हे गॅस पेटवताना लक्षात आलं.

कप हातात दिल्यावर तिने विचारलं, "मुक्कामाला हायसा का?"

"हो. मुक्कामालाच."

"लई बरं झालं," ती म्हणाली. "मलाबी एकटीला करमत न्हाई."