नवरंगाची खोटी शीळ

पडदा वर जातो तेव्हा उजवीकडे पाणथळ, डावीकडे दाट झाडी आणि मधोमध लाकडी फाटकाशी उभी आमची फौजदारबाई. ओहोटीच्या चिखलाचा वास, अंगाला चिकटणारी हवा, आपापल्या जागा धरून बसलेले बगळे.

पूर्वी ती आमच्या नाट्यगृहाच्या दारावर तिकिटं फाडायची. फुकट्याला नुसत्या चालीवरून ओळखायची, म्हणून तिचं नाव फौजदारबाई. नाट्यगृह बंद पडलं, मी तोंडाचा रंग पुसून घरी बसलो आणि ती या पक्षी उद्यानाची राखणदार झाली. नवरा तिथेच होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवायचा. मी सकाळी पक्षी बघायला जायचो. खरं तर तिलाच. काय वठवायची ती भूमिका!

त्या वर्षी काठावरच्या झुडपात नवरंग पक्ष्याच्या जोडीनं घरटं केलं. त्याची शीळ फोनवर वाजवली, की आपल्या हद्दीत कुणी घुसलं असं समजून तो अंडी सोडून भांडायला बाहेर येतो. फोटोवाल्यांचं फावतं, आणि कावळे टपलेलेच असतात. म्हणून बाई फाटकावरच सगळ्यांचे फोन कपाटात बंद करायची. तरीही शीळ यायचीच, दर वेळी त्याच ठेक्यात.

"त्या टोपीवाल्याकडे दुसरा फोन असणार," ती कुजबुजली. त्याचे पायमोजेसुद्धा तपासून झाले. मग नजर माझ्यावर आली.

"दादा, तुम्ही नकला करायचात ना?"

"अगं, या कवळीतून फुंकरसुद्धा धड निघत नाही!"

"तोंड उघडा बघू."

उघडलं. करतो काय? तिनं कवळी निरखली, तरी माझी पाठ सोडेना. ती माझ्या मागेच होती, तेवढ्यात पाण्याकडून शीळ आली. माझं तोंड मिटलेलं होतं. तिनं गवत बाजूला सारलं.

समोर होडी. ओठांवर दोन बोटं ठेवलेला तिचा नवरा. पाहुण्यांचे कॅमेरे फांदीवर चवताळलेल्या नवरंगाकडे, आणि कावळा थेट घरट्यापाशी! बाईनं चप्पल भिरकावली, कावळा उडाला. अंडी शाबूत होती.

"अगं, पाहुणे खूश होतात," तो हसत म्हणाला. "याच शिट्टीवर तूही भाळली होतीस की!"

होडीत हशा पिकला. बाई हसली नाही.

"भाळले, म्हणूनच सगळ्या जगावर संशय घेतला आणि तुम्हाला तेवढं सोडलं. उतरा खाली, होडी मी नेते. आणि आजपासून आपल्या घरात शिट्टी वाजेल ती फक्त कुकरची!"