पंखा चालू होता

शबानाचं तेच टिकेट तिसऱ्यांदा उघडलं, तेव्हा मी वैतागलो होतो. टिकेट म्हणजे आमच्याकडे नोंदवलेली तक्रार. "व्हीपीएन सारखं तुटते," एवढंच तिनं लिहिलं होतं.

शबाना सोनाळ्याची. पुण्याच्या एका कंपनीची शेतीसल्ल्याची हेल्पलाइन होती, तिचे फोन ती घरून घ्यायची. बोंडअळी पडली, आता काय फवारू, असं विचारणारे शेतकरी आणि त्यांच्याच बोलीत उत्तर देणारी ही. नोकरी अजून कच्ची होती. कॉल तुटला की तिच्या नावावर लागायचा. मी खामगावातून त्या कंपनीचा नेटवर्क सपोर्ट बघायचो.

व्हीपीएन म्हणजे घरच्या इंटरनेटमधूनच कंपनीपर्यंत आखलेली बंदिस्त वाट. वाय-फाय जरा वेळ गेलं तर ही वाट मोडते, पुन्हा लॉगिन करावं लागतं. तोवर पलीकडचा शेतकरी "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवतो.

मी रीतीप्रमाणे सगळं केलं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. वाय-फायचा चॅनेल बदलला. मग पिंग लावून ठेवलं. पिंग म्हणजे सारखी हाक मारत राहायचं आणि ओ येते का बघायचं. वाट तुटली की पुण्याचा सर्व्हर तर सोडाच, तिच्या घरातला राउटरसुद्धा ओ देत नव्हता. तो बंद पडून पुन्हा सुरू होत होता.

"तुमच्याकडे लाईन जाते," मी व्हिडिओ कॉलवर म्हणालो.

"नाही सर, लाईन नाही गेली. पंखा चालू होता."

"अगं, नुसता झटका आला तरी राउटर बंद होतो. पंखा फिरतच राहतो."

"पण सर, मी पाहून राह्यली ना. ट्यूबलाईट बी नाही झपकली."

बोलताना ती दोन्ही हात खाजवत होती. खामगावात जन्म गेलेल्या माणसाला त्या खाजेचा अर्थ सांगावा लागत नाही. घरात कापूस भरून ठेवला की अंगाला अशीच खाज सुटते. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. टिकेटवर लिहिलं, वीजपुरवठा अस्थिर, युजरकडची अडचण. टिकेट बंद.

पुण्याच्या मॅनेजरनं त्या एका ओळीवर तिला कामावरून कमी केलं.

लॅपटॉप परत आणायला मलाच सोनाळ्याला जावं लागलं. तिच्या वडिलांनी, रशीदचाचांनी, ओसरीत खुर्ची मांडली, चहा सांगितला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "राउटर कुठाय?"

शबानानं मधल्या खोलीचं दार उघडलं. खोली कापसानं भरली होती. अळीतून वाचलेला माल, त्यात भाव पडलेला. घरोघरी असाच थांबवून ठेवला होता. राउटर भिंतीतल्या फळीवर होता, म्हणजे आता कापसाच्या आत. मी चाचपत हात घातला आणि लगेच काढला. चटका बसला. गरम हवा कोंडली की तो स्वतःच बंद व्हायचा, जरा निवला की सुरू. आग लागली नाही हे नशीब.

आम्ही तो ओसरीत खिळ्यावर टांगला. पिंग लावलं. चहा झाला, आग्रहानं जेवण झालं, एक हाक चुकली नाही.

"एवढंच होतं सर?" शबाना म्हणाली.

"एवढंच."

रशीदचाचा दारातच उभे होते. "म्हंजे कापसापायी गेलं पोरीचं काम. मीच भरला ना थो. हे म्हने, अब्बा, ओसरीत टाका. मी म्हटलं, ओसरीत तू बसतं कामाले, तिथं कचरा नको."

चाचा, कापसापायी नाही, मी लिहिलं म्हणून गेलं. हे मी म्हणायला हवं होतं. मी चार्जरची वायर गुंडाळली आणि बॅगेत टाकली.

परतीच्या वाटेवर संग्रामपूरला पोहोचतो तोच मॅनेजरचा फोन आला. "लॅपटॉप मिळाला?"

"मिळाला. सर, लाईनचा प्रॉब्लेम नव्हता. राउटर तापत होता."

"म्हणजे युजरकडचीच अडचण ना?"

अडचण तिच्या घरात होती, हे खरंच होतं. ती एका प्रश्नात सुटणारी होती आणि तो प्रश्न मी विचारला नव्हता, हेही खरं होतं.

"हो," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात शबानाचा मेसेज आला. "सर, अब्बानं कापूस देऊन टाकला, भेटला त्या भावात. खोली मोकळी झाली. आता नेट बराबर चालते. दुसरं काम असलं तर सांगा." मी त्याला उत्तर दिलं नाही. ही गोष्ट घरीही कधी सांगितली नाही. आज इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

आता तक्रार आली की पिंगच्या आधी मी विचारतो, राउटर कुठं ठेवलाय, त्याला हात लावून सांगा. कापसाच्या दिवसांत, घरात माल भरलाय का, हेही विचारतो. ऑफिसातली पोरं हसतात. हसू देत. समोरचं माणूस म्हणालं की पंखा चालू होता, तर तो चालू होता असं धरूनच पुढं जायचं.