आधी दार दाखवा

आमच्या कडीसाहेबांची उंची नेमकी किती होती, हे मला आजही सांगता येणार नाही. कारण त्यांच्या डोक्यापर्यंत नजर पोचायच्या आधीच माझी मान दुखायला लागायची. दारातून आधी त्यांचं कपाळ आत यायचं, मग चष्मा, आणि पाय आत येईपर्यंत समोरच्याचा चहा निवलेला असायचा. मी थोडं वाढवून सांगतो, हे सिल्वासात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मला जमणार नाही.

साहेब मूळचे नाशिकचे, आमच्या धाग्याच्या कारखान्यात खरेदी अधिकारी. मी त्यांचा सहायक, म्हणजे त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवरचं कायमचं ओझं. ऐंशी सालानंतर आमच्याकडे कारखाने असे उगवत होते, की सकाळी शेतात बांधलेली म्हैस संध्याकाळी वॉचमनला गेटपास दाखवून घरी जायची! या कारखान्यांना माल पुरवणारे छोटे शेठ तर गल्लोगल्ली. खरेदी अधिकारी आला की शेठ आधी नमुना पुढे करायचे आणि मग काजूची बशी. साहेब दोन्हींकडे बघायचे नाहीत.

"माल नंतर. आधी दार दाखवा."

"कसलं दार?"

"तुमचे कामगार झोपतात त्या खोलीचं."

नरोलीचा एक शेठ तर घामाघूम होऊन म्हणाला, "साहेब, दारं आपण नाय बनवत. आपण खोकी बनवतो."

साहेब मागच्या खोल्यांपाशी जायचे आणि दारावरून हात फिरवायचे. कडी आतल्या बाजूला असली तर परत येऊन काजू खायचे. बशी रिकामी होईपर्यंत खायचे. बाहेरून असली तर सरळ स्कूटरला किक मारायचे. 'कडीसाहेब' हे नाव मीच ठेवलं. आणखी तिघंचौघं तसं सांगतात, ते थापा मारतात.

भानगड अशी होती, की मुकादम धुळे-नंदुरबारकडच्या पाड्यांवरून माणसं आणायचे. लग्नाला, दवाखान्याला म्हणून आधी उचल हातावर ठेवायची आणि ती फिटेपर्यंत माणूस ताब्यात. काम संपलं की खोलीत घालायचं आणि बाहेरून कडी, म्हणजे कुणी पळायला नको. हे सगळ्यांना माहीत होतं, नाल्याच्या वासासारखं. नाक दाबायचं आणि पुढे जायचं.

"कडी आतून असली की ते घर, खानदेश," साहेब म्हणायचे. "बाहेरून असली की गोठा." मी जळगावकडचा, म्हणून मला ते नावानं हाक मारत नसत. 'खानदेश' म्हटलं की मला वाटायचं, आता तीन जिल्हे एकदम 'ओ' देणार.

हळूहळू शेठ लोक शहाणे झाले. स्कूटरची फटफट ऐकू आली की मागे स्क्रूड्रायव्हर घेऊन धावपळ. एकानं बाहेरची कडी उपटून भोकं बुजवली आणि आतल्या बाजूला नवीकोरी पितळी कडी बसवली. साहेबांनी ती सरकवून पाहिली, तर चौकटीत ती अडकायला जागाच नाही! दाराला नुसता दागिना घातला होता. मग बाहेर येऊन त्यांनी बुजवलेली भोकं नखानं खरवडली आणि नख नाकाला लावलं.

"अंगाचा साबण," ते म्हणाले. "शेठ, कपड्यांचा वापरला असता तर वासानं पकडला नसता मी."

मी तिथंच खाली बसून हसलो. साहेब हसले नाहीत. दारावर कडी घासून घासून झालेली कमानीसारखी खूण होती, तिच्यावरून ते बोट फिरवत राहिले.

अथाल गावचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. आमचा धागा गुंडाळायच्या कागदी नळ्या तिथल्या एका शेडमध्ये बनायच्या. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी आम्ही न सांगता गेलो. शेठ कुठल्याशा लग्नाला गेलेला. पत्र्याच्या खोलीला बाहेरून कडी, कडीत जाड तार पिळलेली, आणि आतून एक मूल खोकत होतं. साहेबांनी आधी दारावर टकटक केली. कोंडलेल्या माणसांच्या दारावर टकटक करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"आत कोण आहे?" साहेब म्हणाले. "घाबरू नका. मी आलोय. आत्ता उघडतो."

तार सोडवताना त्यांची बोटं फाटली. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ आली. बाया, बाप्ये, पोरं भिंतीला चिकटून बसलेली. एकही उठेना. शेवटी एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "आते कथा जावानं, भाऊ?"

"काय म्हणतात आजी?"

"आता कुठं जायचं, विचारतेय."

"ते मी सांगायचं नाही, आजी," साहेब म्हणाले. "बाजारात जा, गावी जा, नाहीतर इथंच झोपा. दार उघडं राहील." आणि एवढा मोठा अधिकारी कुणी दार लावू नये म्हणून उंबऱ्यावर बसून राहिला. म्हातारी त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून रस्त्यापर्यंत गेली, येणारेजाणारे ट्रक पाहिले आणि परत आली. "इतलंच देखानं व्हतं," म्हणाली.

संध्याकाळी शेठ उगवला आणि ओरडायलाच लागला, "साहेब, आ लोको भागी जशे!"

"पळून जातील असं वाटतं ना तुम्हाला? म्हणजे इथं काय चाललंय ते तुम्हालाही माहितेय."

साहेबांनी नळ्यांची ऑर्डर थांबवली. आमची यंत्रं बंद पडायची वेळ आली, तेव्हा मुंबईहून मोठे साहेब आले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, "तुम्ही नळ्या खरेदी करता की दरवाजे?"

"नळ्याच. पण त्या कुठल्या दारामागून येतात, ते बघून."

शेवटी अथालची कडी निघाली, उचलीच्या नावाखाली धरलेली माणसं सुटली, आणि आमच्या प्रत्येक ऑर्डरवर मालाच्या जाडी-लांबीखाली एक ओळ आली : कामगारांच्या खोलीची कडी आतून असावी. साहेबांची बढती मात्र त्या ओळीखाली कायमची गाडली गेली. त्याचं त्यांनी कधी नाव काढलं नाही.

निवृत्तीनंतर ते आणि वहिनी सिल्वासातच, टोकरखाड्यात राहिले. नव्वदचं दशक सरत आलं तसे साहेब विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग शेजारी. मी म्हणायचो, "साहेब, तुमच्याकडून उधार नेलेल्यांना कळवू का?" ते हसायचे. मग ते घरातून निघून जायला लागले. दर वेळी सापडायचे अथालच्या रस्त्यावर, ट्रकांच्या मधोमध, कुणाच्या तरी दारावर टकटक करताना. एकदा एका टेम्पोचा धक्का लागून डोकं फुटलं.

त्यानंतर मी भेटायला गेलो, तर जिना चढतानाच ती दिसली. दाराला, बाहेरच्या बाजूनं.

वहिनी पाणी भरून वर येत होत्या. माझी नजर कुठं आहे ते पाहून त्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, तुम्ही तरी काही बोलू नका," म्हणाल्या. "मी खाली गेले की ते जातात हो. परत येतील की नाही, कळत नाही."

मी त्यांच्या हातातली कळशी घेतली. आत साहेब खुर्चीत बसले होते. मला ओळखलं नाही. मी म्हैस आणि गेटपासची गोष्ट सांगितली, साबणाची सांगितली, होती त्याहून दुप्पट करून सांगितली. ते सभ्यपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "बराच उशीर झाला तुम्हाला. निघा."

वहिनींना खालून औषध आणायचं होतं, म्हणून त्या माझ्याबरोबरच बाहेर आल्या. त्यांनी दार ओढलं, कडी सरकवली. मी जिन्याच्या वळणावर पोचलो असेन, तोच आतून टकटक झाली. जुना, खणखणीत आवाज आला, त्याच माणसाचा.

"आत कोण आहे? घाबरू नका. मी आलोय. आत्ता उघडतो."

आणि त्यांचा हात दाराच्या आतल्या बाजूवरून फिरत असलेला मला ऐकू येत राहिला. वर, खाली, परत वर. नसलेली कडी शोधत.

मी वर पाहिलं. वहिनींनी दाराला कपाळ टेकवलं होतं.

"हो, मी आहे आत," त्या म्हणाल्या. "सावकाश उघडा. मला घाई नाही."