विसाचा अठरा

आमच्याकडे कोणी अठरा म्हटलं की पुढचं 'विश्वे दारिद्र्य' आपोआप तोंडात येतं. म्हणून कुवेतहून मी जेव्हा मोठ्या आनंदानं आईला फोनवर सांगितलं की माझा वीस नंबरचा व्हिसा आता अठरा नंबरचा होणार, तेव्हा ती म्हणाली, "काय चुकलं तुझं?"

तिला वाटलं, मला खालच्या पायरीवर उतरवलं. तिच्या जगात विसाचे अठरा झाले म्हणजे दोन कमी झाले, इतकं ते सरळ होतं. मी समजावलं, पण फोनवर समजावताना माझा आवाज चढतो आणि मग समोरचा माणूस फक्त "बरं बरं" म्हणतो. आईही तेच म्हणाली.

खरी गोष्ट उलटी होती. तिथं वीस नंबर म्हणजे घरकामाचा व्हिसा: स्वयंपाकी, मोलकरीण, घरचा ड्रायव्हर. अठरा म्हणजे कंपनीचा. मी ड्रायव्हर. पूर्वी आमच्या निर्मळ गावाहून फुलांचा टेम्पो दादरला न्यायचो. तो सोडून तिकडं गेलो आणि सहा वर्षं एका म्हाताऱ्या बाईंची गाडी चालवली. मालकिणीला तिथं 'मामा' म्हणतात. हे ऐकून आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. "बाईला मामा? मंग मामीला काय म्हनता?"

बाई वाईट नव्हत्या. पण वीसवाल्याची रजा मालकाच्या लहरीवर. नातीची परीक्षा होऊ दे, ईद होऊ दे, नवीन ड्रायव्हर मिळू दे. सहा वर्षांत मी एकदाच घरी आलो. त्या खेपेला आईनं दार उघडलं आणि विचारलं, "कोन पायजे?" नंतर म्हणाली, उन्हानं डोळे दिपले. मला ते फार लागलं. अठरावाल्याला दर वर्षी रजा मिळते, आणि मालकाच्या मर्जीवर नाही, कागदावर. मला अठरा हवा होता तो एवढ्याचसाठी. वडील लवकर गेलेले, ताई लग्न होऊन बोळिंजला, मी लग्नाच्या भानगडीत पडलो नाही. वाडीत केळींच्या सोबतीला आई एकटी.

घरकामाचा व्हिसा एरवी कंपनीत बदलू देत नाहीत. मी तिथं असताना सरकारनं थोड्या दिवसांसाठी ती मुभा दिली. बाईंनी जरा रडून का होईना, सोडचिठ्ठीवर सही केली. माल पोचवणाऱ्या एका कंपनीनं मला घ्यायचं कबूल केलं. कंपनीचा कागदपत्रं फिरवणारा माणूस म्हणाला, आता बाईंचं संपलं, आमचं व्हायचंय. नवीन नोंद होईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलंस तर वीसही गेला आणि अठराही. मी म्हटलं, कुठं जातोय मी?

पंधरा दिवसांत ताईचा फोन आला. आईच्या पोटात पाणी झालं होतं. डॉक्टर यकृताचं काहीतरी सांगत होते. ताईनं तिला बोळिंजला स्वतःकडे आणलं होतं. आई मागून ओरडली, "पोटात पानी झालंय, बाकी काय नाय!"

त्याच फोनवर ताईनं हसत सांगितलं की आईनं निर्मळच्या देवळात नवस बोललाय. पोराचा वीस वीसच राहू दे, वाडीतला पहिला केळीचा घड तुला. मी कपाळावर हात मारला. सगळं गाव पोराचं काम व्हावं म्हणून देवाला साकडं घालतं, माझी आई होऊ नये म्हणून. ताईनं तिला पुन्हा समजावलं, आता जाऊन उलटं सांग म्हणाली. आई म्हणाली, "देवाला सारखं सारखं कोन सांगनार? तो काय तुज्या हाफिसातला शिपाय हाय?"

तेव्हा आम्ही तिघंही हसलो. पुढं माझं काम अडकलं. वैद्यकीय तपासणी झाली, बोटांचे ठसे झाले, मग सणाच्या सुट्ट्या आल्या, मग कुठला तरी कागद पुन्हा मागवला. देवावर मी तेव्हा खरोखर चिडलो होतो. आईवरही. ते आता लिहिताना लाज वाटते, पण चिडलो होतो.

शेवटचं नीट बोलणं झालं तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. "मंजे तू आता विसावर नाय?"

"नाही."

"अठरावर पन नाय?"

"अजून नाही. मधे आहे, आई."

"मधे मंजे एकोनीस. मंग एकोनीसवर ये."

मी हसलो. तीही हसली असावी, कारण तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "हसू नको. ये."

मी म्हटलं, थोडेच दिवस राहिलेत. एकदा हे झालं की दर वर्षी येईन, महिना महिना राहीन, तुला कंटाळा येईल. ती म्हणाली, "बरं बरं."

आठवड्यानं ती गेली. मी काय करत होतो त्या वेळी? काही नाही. अठरा हातात येईपर्यंत कंपनीच्या गाडीला हात लावायची मला परवानगी नव्हती. खोलीत गादीवर बसून कांदा चिरत होतो. कोणीतरी स्मशानात फोन धरला आणि मला माणसांच्या पाठी दिसल्या. अग्नी चुलतभावानं दिला.

नवव्या दिवशी माझं काम झालं. रजा, तिकीट होऊन चौदाव्या दिवशी मी इकडं पोचलो. तेरावं आटोपलं होतं.

इथं लोक मला अजून म्हणतात, तुझा नाइलाज होता, अरबांनी येऊ दिलं नाही. मी मान हलवतो. ते खरं नाही. मला कोणीही धरून ठेवलं नव्हतं. पासपोर्ट माझ्याच बॅगेत होता, रोज सकाळी मी तो हात लावून बघायचो. विमानानं चार तासांचं अंतर. निघालो असतो तर विसाचाही आणि अठराचाही नाद सुटला असता, पुन्हा टेम्पो चालवला असता आणि तिच्या उशाशी बसलो असतो. मी दोन्ही तोलून पाहिलं आणि थांबलो. ती आणखी थोडी टिकेल असं धरून चाललो होतो. ही माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही.

बोळिंजला ताईनं दार उघडलं. ती रडली नाही. मला पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, "दाखव."

"काय?"

"अठरा."

आता शिक्का वगैरे नसतो, सगळं मोबाइलमध्येच. मी ते उघडून फोन तिच्यापुढं धरला. तिनं चष्मा लावला, खालीवर पाहिलं. "यात अठरा कुठंय?"

अरबी आकडे तिला कसे कळणार? मी बोट ठेवलं. एक उभी काठी आणि तिच्या शेजारी घराच्या छपरासारख्या दोन तिरक्या रेघा.

ती बराच वेळ बघत राहिली. "एवढ्यासाठी?" म्हणाली, आणि फोन माझ्या हातात देऊन चहा टाकायला आत गेली.