फाटक्या आवाजाची दुरुस्ती

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, बाकीचं आयुष्य रेडिओत गेलं. लांज्याला एसटी स्टँडसमोर माझी दुरुस्तीची टपरी होती. गिऱ्हाइकाची तक्रार बहुतेक एकच असायची, आवाज फाटतोय. मी तो शिवून द्यायचो. टपरी बंद केली तेव्हा वाटलं, जगातले फाटके आवाज संपले एकदाचे.

मग मुलीचं लग्न झालं आणि जावई मुंबईहून गिटार घेऊन आले. सोबत खांद्याला अडकवायचा एक छोटा स्पीकर आणि पायाने दाबायची एक पत्र्याची डबी. तिला फझ म्हणतात. एका बाजूने चांगला आवाज आत घालायचा, दुसऱ्या बाजूने तो फाटून बाहेर येतो.

"मामा, ह्याला इफेक्ट म्हणतात," जावई म्हणाले.

आमच्या टपरीवर ह्याला बिघाड म्हणायचे. पण जावई माणूस, मी मान डोलावली.

आमच्या वाडीची जाखडी गौरी-गणपतीत अंगणा-अंगणात फिरते. मधे गाणारे-वाजवणारे बसतात, भोवती नाचणारे पायात चाळ बांधून गोल फिरतात. मधली ढोलकी माझी, बापापासून आलेली. जावई दोन गणपती माझ्या शेजारी गिटार घेऊन बसले, पण ढोलकीपुढे त्यांचं कुणाला काही ऐकूच गेलं नाही. वाडीतला माझ्याच वयाचा एक मानकरी गावकार तर भर अंगणात म्हणाला, "जावयबापू, तारा लावायला विसरलात काय वो?" सगळे हसले. मीही हसलो. जरा जोरातच.

यंदा गणपतीच्या तोंडावर मुलीचा फोन आला. "बाबा, आम्ही नाय येत. हे म्हणतायत, तिथे येऊन हसं कशाला करून घ्यायचं?"

बायको बाजूलाच होती. म्हणाली, "बसा आता ढोलकी मांडीवर घेऊन. नातीच्या जागी तिलाच खेळवा."

मी फोनवर सांगितलं, "डबी घेऊन या म्हणावं. आवाज मी वाढवतो."

आले. मी पडवीत डबी खोलली. आवाजाचं बटण आधीच शेवटपर्यंत फिरवलेलं, म्हणजे रोग आत होता. ह्या बटणाखालच्या कंट्रोलचा एक पाय अर्थिंगला असतो. कंट्रोल कमी ताकदीचा असला की आवाज तिथूनच झिरपतो, फुटक्या बांधातून पाणी जावं तसा. मोठ्या ताकदीचा घातला की झिरप कमी.

"मामा, मोबाइलवर ह्या सर्किटचा नकाशा आहे, दाखवू?"

"नकाशा रस्ता चुकणाऱ्याला लागतो."

माझ्या डब्यात जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा एक कंट्रोल जपून ठेवलेला होता, डबीतल्यापेक्षा पाचपट ताकदीचा. तो आत मावेना. पत्र्याला भोक पाडून बाहेरच बसवला, वर रेडिओचं तपकिरी बटण. ह्या कंट्रोलला मागे स्विच असतो, शेवटी टिक वाजून बंद होणारा. बॅटरीची वायर मी त्या स्विचमधून नेली. बंद करता न येणारी वस्तू मी कधी गिऱ्हाइकाला दिलेली नाही.

जावयांना समजावलं, "माझ्या ढोलकीचा एकट्याने वाजवायचा तुकडा आला की बटण टिक होईपर्यंत मागे घ्यायचं."

"हो मामा. टिक."

मग त्यांनी तार छेडली. माडावरचे कावळे उडाले. आतून बायको ओरडली, "अहो, मिक्सर जळला काय?" जावई इतके खूश झाले की त्यांनी माझ्या पायाला हात लावला. लग्नातसुद्धा एवढ्या मनापासून लावला नव्हता.

गौरीच्या दिवशी जाखडी निघाली. पहिल्याच अंगणात गिटार अशी काही बोंबलली की नाचणारे क्षणभर पाय विसरले, मग दुप्पट जोरात नाचले. लोक जावयांकडे बोट दाखवत होते. माझा तुकडा आला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांचे डोळे मिटलेले. मी "टिक!" म्हणून ओरडलो. माझं मलाच ऐकू आलं नाही. तरी तुकडा पुरा वाजवला. आयुष्यातला सगळ्यात उत्तम तुकडा होता. नव्हता म्हणणारा कुणी पुढे येऊच शकत नाही.

गावकाराने संधी सोडली नाही. "म्हाताऱ्या, ढोलकीला चामडं लावायला विसरलास काय?"

सगळे हसले. जावई तेवढे हसले नाहीत. ते जास्त लागलं.

जायच्या दिवशी डबी बघितली तर स्विच चालूच, बॅटरी मेलेली. मी नवी घातली आणि टिक करून त्यांच्या हातात दिली. नात कडेवर घेऊन मुलगी म्हणाली, "बाबा, हे म्हणतायत, शिमग्यालापण येऊ." बायकोने नात तिच्याकडून घेतली आणि माझ्या हातात दिली.

वाडीत अजून गिटारच्या आवाजाचीच चर्चा आहे. मी सगळ्यांना सांगतो, गिटार जावयाची, आवाज माझा. आणि जावयांना सांगून ठेवलंय, शिमग्याला येताना आणखी एक डबी आणा. रिकामी चालेल. आतलं मी बघतो. ढोलकीला लावायची आहे.