शेपटीची तांबडी चिंधी

"दही लागू दे, मंग बोल."

कोणी काही सांगायला आलं की ती हाताचा पंजा आडवा धरायची आणि हे म्हणायची. कोणाच्या मुलीला स्थळ चालून आलं, शेजारणीने नव्या सुनेचं कौतुक केलं, कोणी रस्ता करून देतो म्हणालं, सगळ्यांना एकच उत्तर. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिचा माणसाच्या शब्दापेक्षा सकाळच्या वाटीवर जास्त विश्वास.

शहाडला नदीच्या बाजूला तिचा चार गाईंचा गोठा होता. मूळची तिथलीच, आगरी. आजूबाजूच्या शेतांत बिल्डिंगी उभ्या राहिल्या, गोठा तेवढा राहिला. मी तिथे दुधाचे डबे घासायला लागले. माझ्या तोंडून पटकन शब्द निघत नाही. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "बोलत नाय ना गो? बरी हायस. गाईंना बडबड चालत नाय." आणि मग स्वतः दुपारपर्यंत बडबडत राहिली.

गाईची कास सुजली आणि डॉक्टरांनी सुई दिली, की ती त्या गाईच्या शेपटीला तांबडी चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर त्या गाईचं दूध मोठ्या डब्यात घालायचं नाही, वेगळं काढून खड्ड्यात ओतायचं. पहिल्यांदा ओतताना माझा हात थांबला.

"दूध नाय ता," ती म्हणाली. "औषद हाय. वत."

दूध तिचा मुलगा काढायचा. चिंधी सुटली म्हणजे औषध उतरलं, एवढंच त्याला ठाऊक. शिवाय मोठ्या डब्यातली एक वाटी ती रोज संध्याकाळी विरजायची. दुधात औषध असलं तर दही लागत नाही, हे तिला अनुभवाने कळलं होतं.

समोरच्या बिल्डिंगमध्ये एक छोटी मुलगी होती. अशाच एका औषधाने तिचं अंग सुजून तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. दूध सुरू करतानाच तिच्या आईने हे सांगितलं. तेव्हा आमच्या बाईने छातीवर हात ठेवला. "माज्या डब्यात औषद येनार नाय."

मग ती वसुबारस आली. आम्ही गाई धुतल्या, शिंगं रंगवली. चांदी नावाच्या पांढऱ्या गाईच्या शेपटीला तेव्हा चिंधी होती, शेणाने माखलेली. "लक्षुमीला अशी घान चिंधी घालून पुजू क?" असं म्हणत तिने चिंधी सोडली, धुण्याच्या दगडावर टाकली आणि चांदीच्या कपाळाला कुंकू लावलं. ओवाळलं, गूळभाताचा घास दिला. पूजा आटोपल्यावर मुलगा धारेला बसला. शेपटीला चिंधी नाही हे त्याने पाहिलं आणि चांदीचं दूध मोठ्या डब्यात गेलं. तिथून घरोघरी.

सकाळी वाटी नेहमीसारखी चुलीच्या उबेला होती. तिने वाटी तिरकी केली. दूध वाहिलं. ती चांदीच्या शेपटीकडे बघत राहिली, मग धुण्याच्या दगडावर पडलेल्या चिंधीकडे.

"थंडी पडलीय आये," मुलगा म्हणाला. "म्हणून नाय लागलं, असं सांग. दिवालीत दारोदार फिरून कशाला नाव घालवतेस? उद्या सगले पिशवीचं दूध घेतील."

"आनि ती पोर?"

ती अनवाणीच निघाली. मी मागे. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती कठडा धरून चढली. दारात रांगोळी होती, ती ओलांडायचंही तिला सुचलं नाही. "पोर कुठं हाय?"

मुलगी आतून फुलबाज्यांचा पुडा घेऊन धावत आली.

"काय झालं मावशी?" तिची आई घाबरली.

"कालचं दूध पाजलंस हिला?"

"नाही अजून. आज बासुंदी करणार ना, सगळं फ्रीजमध्ये ठेवलंय."

ती उंबऱ्यावरच बसली. तिथूनच म्हणाली, "वतून टाक. औषदाचं दूध हाय. चूक माजी."

त्या आईने पातेलं सिंकमध्ये ओतलं. "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंसुद्धा नसतं."

"मना कललं असतं ना."

आईने मुलीला जवळ ओढलं. मग हळूच म्हणाली, "पण आता दूध बंद करते, मावशी. राग मानू नका." पंजा आडवा झाला नाही. तिने नुसती मान हलवली आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. कुणाची मिठाई वाया गेली होती, ते तिला वाट्टेल ते बोलले. ती सगळीकडे उभी राहिली. काही गिऱ्हाइकं पुढे परत आली. ते घर आलं नाही.

पुढच्या वसुबारसेला दुसऱ्या एका गाईला चिंधी होती. तिने ती जागच्या जागी धुतली, गाठ आवळली आणि गाईच्या कपाळाचं कुंकू चिंधीलाही लावलं. मी हसले. तीही हसली. "ही पन लक्षुमीच गो."

यंदा उन्हाळ्यात ती गेली. मुलाने गाई विकल्या. शीळफाट्याच्या तबेलेवाल्याचा टेम्पो दारात उभा होता आणि चांदीची कास पुन्हा सुजलेली, सुई चालू होती. चांदी फळीवर चढणार, एवढ्यात मुलगा म्हणाला, "थांबा." धुऊन तारेवर वाळत घातलेली चिंधी काढून त्याने तिच्या शेपटीला बांधली. "डॉक्टर सांगेपर्यंत हिचं दूध डब्यात नका टाकू."

तबेलेवाला हसला. "गाय विकताय का लेक सासरी धाडताय?"

 मुलगा आत जाऊन देवाजवळचं कुंकू घेऊन आला आणि चिंधीला बोट टेकवलं. तांबड्यावर तांबडं. मी जवळ उभी होते म्हणून मला दिसलं.