मागची थंड खोली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असाल तरी आता लपवून काय करायचंय?

मी वाइन शॉपमध्ये काम करते, ठाण्यात माजिवड्याला. वाइन शॉप म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काउंटरवरची झुंबड आणि कागदात गुंडाळलेली क्वार्टर येणार. ती आमच्याकडेही आहेच. पण मागे पत्र्याखाली एक छोटी खोली आहे, एसी लावून थंड ठेवलेली. तिथे चांगल्या वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या असतात. दुकान शेठचं, पण त्या खोलीत माझं चालतं. दिवा स्टेशनजवळच्या चाळीत नळाच्या रांगेत हंडे लावून मोठी झालेली मुलगी भल्याभल्या साहेबांना सांगते, ही नको, ती घ्या – आणि ते गपचूप घेतात!

हे सगळं दातार काकांमुळे. काका डोंबिवलीचे. आयुष्य एका कंपनीच्या लॅबमध्ये गेलं, रिटायर झाल्यावर शेठनी त्यांना ती खोली सांभाळायला बोलावलं. मी तेव्हा बिलिंगला नवीन होते. आमच्या घरी दारूचं नाव काढायची सोय नाही – आई विहारात सगळ्यांना सांगायची, पोरगी परफ्युमच्या दुकानात आहे म्हणून. काकांना हे कळलं तेव्हा ते इतके हसले! म्हणाले, "अगं, आई खोटं कुठे बोलतेय? आपला धंदा वासाचाच आहे. तोंडात घ्यायची, फिरवायची, थुंकायची. गिळलीस की मत बिघडतं." आजतागायत मी एक घोट गिळलेला नाही. पाचवं शील सांभाळून वाइन शिकलेली मी एकटीच असेन.

आणि शिकवायचे कसे! डोंबिवलीच्या बाजारात न्यायचे, डोळे मिटायला लावायचे आणि नाकाखाली जांभूळ धरायचे. मग करवंद, चिंच, मिरी, चामड्याची चप्पल. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब. बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. उभी ठेवली की ते सुकतं, हवा आत शिरते. उजेड नको, हादरे नकोत, आणि उकाडा तर मुळीच नको. गिऱ्हाईक आलं की किंमत सांगायच्या आधी विचारायचं – जेवायला काय आहे? सुरमई तळलेली असेल तर आंबटसर पांढरी. कुणालाही कमी लेखायचं नाही. मला तर त्यांनी कधीच कमी लेखलं नाही. माझ्याच वयाच्या त्यांच्या मुलीला शिकवलं असतं तसं शिकवलं. कसे फेडायचे हो असले उपकार?

मी कसे फेडले ते सांगते.

निवडणूक होती, मे महिना. मतदान संपेपर्यंतचे दोन दिवस ड्राय डे. दुकान बंद करून आम्ही निघालेलो. काका शटरपाशी उभे होते, कुणीतरी ओळखीचे भेटले म्हणून बोलत. माझा डबा आत राहिला होता. मी धावत आत गेले, डबा उचलला, बाहेर येता येता –

थांबा. आधी आमच्या घरचं सांगते. आमच्या चाळीत वायरिंग जुनं, एकदा ठिणग्या उडालेल्या. तेव्हापासून बाबांचा नियम, घराबाहेर पडताना मेन स्विच बंद. आम्हा भावंडांचा हात आपोआप जातो, डोकं लागतच नाही. तुमच्याकडेही असेल कदाचित ही सवय.

तर माझा हात गेला. खट्. फ्रिज, दिवे, मागचा एसी – सगळं. काकांनी शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि आम्ही आपापल्या वाटेने गेलो.

दोन दिवस मे महिन्याचा पत्रा तापत होता. शेठनी दुकान उघडलं तेव्हा मागच्या खोलीत भट्टी झालेली. बुचं वर सरकलेली, कित्येक बाटल्यांच्या मानेवरून लाल चिकट ओघळ. शेठनी विचारलं, शेवटी कोण होतं? काका म्हणाले, "कुलूप मी लावलं." मग मेन पण तुम्हीच बंद केला ना, शेठ ओरडले. काका बोर्डाकडे बघत राहिले. म्हणाले, "आठवत नाही. पण मीच केला असणार."

मला आठवत होतं. बोटांना आठवत होतं! मी हातभर अंतरावर उभी होते. तोंड उघडायचं होतं फक्त. नाही उघडलं. नोकरी नवी होती, घरी माझ्या पगाराकडे डोळे लागलेले – पण जाऊ दे, ते सांगून काय होणार? पाचवं शील सांभाळल्याची फुशारकी मारणारी मी, चौथं तिथेच मोडलं. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नाही, असं स्वतःला समजावून पाहिलं. पटलं नाही.

शेठ बाहेर गेल्यावर काकांनी एक बाटली उघडली, हुंगली आणि पेला माझ्याकडे दिला. "हा वास लक्षात ठेव. शिजलेल्या मनुकांसारखा. उष्णतेने मेलेली वाइन अशी असते." त्या दिवशीसुद्धा शिकवलंच त्यांनी.

महिनाभरात ते काम सोडून गेले. शेठनी काढलं नाही, तेच म्हणाले की आता माझा भरवसा नाही. आणि जाताना शेठना सांगून गेले, "खोली सुजाताकडे द्या, पोरीचं लक्ष असतं." पोरीचं लक्ष असतं!

नुसती नोकरी गेली असती तर मी कदाचित निर्ढावले असते. पण मी त्यांच्या घरी जाते ना, सुट्टीच्या दिवशी. गॅसपाशी चिठ्ठी – बंद केला. दाराला चिठ्ठी – किल्ली घेतली. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, काही झालेलं नाही. काका म्हणतात, डॉक्टरांना काय माहीत मी काय करून बसलो ते. एकटे बाहेर पडत नाहीत. बाजारात डोळे मिटून मला जांभूळ ओळखायला लावणारा माणूस कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा काकूंना घेऊन जातो. आणि मी दर वेळी काकूंच्या हातचे पोहे खाऊन परत येते.

गेल्या खेपेला मी त्यांच्यासाठी नमुना नेला होता, लेबल झाकून. त्यांनी हुंगलं आणि क्षणात नाशिकची अमुक द्राक्षं, लाकडी पिंपात ठेवलेली, असं सांगून टाकलं. तंतोतंत बरोबर. मी बोलणार तेवढ्यात त्यांचा चेहरा पडला. "नाही गं, चुकत असेन मी. तू सांग."

तू सांग म्हणाले. मला!

या रविवारी हे लिहिलेले कागद घेऊन काकांकडे जाणार आहे. काकूंसमोर वाचणार. मेन स्विच मी बंद केला, काका, तुम्ही नाही. तुमचं डोकं तेव्हाही शाबूत होतं, आजही आहे. शेठनाही सांगणार, मग खोली राहो की जावो. आज माझ्याकडे जे काही आहे, ते या माणसाने दिलंय, हेही सांगणार.

माफी मागणार नाही. मागितली तर ते लगेच देतील.